दहा छड्या

ड्रिलच्या तासाला ईश्वरप्पा मास्तरांनी नागप्पाला मारलं, तेव्हा पोरं रांगांत उभी होती आणि लेझमी वाजत होत्या. पहिल्या थपडेला नागप्पा नुसता बाजूला झुकला. त्याच्या हातातली लेझीम खाली पडली. ती उचलायला तो वाकला आणि दुसरी थप्पड त्याच्या डाव्या कानावर सपाट बसली. तो गुडघ्यांवर आला. त्यानं कानाला हात लावला, हात समोर धरून पाहिला आणि बोटांवर रक्त दिसताच तिथंच ओकला.

"ऊठ," ईश्वरप्पा म्हणाले. "रांगंत हो."

नागप्पा उठला नाही. त्याला काय सांगितलं जातंय ते कळतच नव्हतं.

गुन्हा म्हणाल तर एवढाच, की उजवीकडे वळायचा हुकूम असताना तो डावीकडे वळला, शेजारच्या पोराला हसू आलं आणि त्याला पाहून तोही हसला. तेरा वर्षांचा, इंग्रजी दुसरीतला, किडमिडीत पोरगा. बाप हातमागावर, आई सुंदरम्मा कांड्या भरायची. घरात तेलुगू, बाहेर मराठी.

लेझमी एकेक करत थांबल्या. भवानी पेठेतल्या या लहानशा हायस्कुलात मार नवा नव्हता. पण गेल्या जूनपासून कुठल्या मास्तरनं पोरावर हात उचलला नव्हता. त्याचं कारण कमलाकर मोहोळकर मास्तर. कमलाकर इंग्रजी आणि इतिहास शिकवायचे. तिशीचे, बारीक अंगाचे, हळू बोलणारे. हेडमास्तर करकंबकरांच्या मागे लागून लागून त्यांनी शाळेत विद्यार्थी पंचायत सुरू केली होती. पोरांनी मतं टाकून पाच पंच निवडायचे, पोरांच्या चुकांचा आणि भांडणांचा निकाल पंचांनी द्यायचा, आणि मास्तरांनी छडी ऑफिसात ठेवून द्यायची. पहिल्या दिवशी सगळ्या शाळेला जमवून ते म्हणाले होते, "या आवारात जो कोणी पाऊल ठेवील, तो नियमाखाली आहे. लहान असो की मोठा."

शिक्षकांच्या खोलीत यावर पुष्कळ हसणं झालं. ईश्वरप्पा हसले नाहीत. ते अक्कलकोटकडचे, मोठ्या लढाईत मेसोपोटेमियात हवालदार होते. "पोरांनी हुकूम द्यायचा आन् पोरांनीच पाळायचा," ते म्हणाले, "हे एक दिवस चालतंय, दोन दिवस चालतंय. मग कुणीतरी पाळत न्हाय. तवा काय करणार, मोहोळकर?" पण हेडमास्तरांचा हुकूम म्हणून त्यांनी इतके दिवस हात आवरला होता. त्या जानेवारीतल्या सकाळी तो का सुटला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

कमलाकरांनी नागप्पाला टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं कानात नळी घालून पाहिलं, कापूस भरला आणि पडदा फाटल्याचं सांगितलं. या कानानं आता ऐकू येणं कठीण.

दुसऱ्या दिवशी सुंदरम्मा शाळेच्या फाटकाशी येऊन बसली. ओरडली नाही, रडली नाही. हेडमास्तर बाहेर आले तेव्हा तिनं मोडक्यातोडक्या मराठीत एवढंच विचारलं, "मारायचं होतं तर पाठीवर मारायचं. कान कशाला?"

करकंबकर म्हणाले, "बाई, चौकशी करतो."

पंचायतीचा सरपंच होता गुरुसिद्धप्पा. मॅट्रिकच्या वर्गातला, सतरा वर्षांचा, रुंद खांद्यांचा. त्याचा बाप बसप्पा धान्याचा व्यापारी आणि शाळेच्या कमिटीचा सभासद. पण पोरांनी गुरुसिद्धप्पाला बापामुळे निवडलं नव्हतं. त्यानं आजवर दिलेल्या निकालांवर कोणाची तक्रार नव्हती. दोघे भांडले की तो दोघांचंही शेवटपर्यंत ऐकायचा, आणि शिक्षा म्हणून विहिरीवरून पाणी भरायला लावायचा. शनिवारी पंचायत बसली आणि तिनं ईश्वरप्पा मास्तरांना बोलावण्याची चिठ्ठी धाडली. शिपायाच्या हातून ती चिठ्ठी आधी हेडमास्तरांकडे गेली. त्यांनी ती फाडली आणि तुकडे गुरुसिद्धप्पासमोर टेबलावर टाकले.

तो सरळ कमलाकरांकडे आला.

"सर, लहान असो की मोठा, असं तुमीच म्हनला व्हता की."

"म्हणालो होतो."

"मग हे फक्त पोरांसाठीच हाय का?"

कमलाकर म्हणाले, "धीर धर. कमिटी बसतेय. मी स्वतः बोलतो. सगळ्या शाळेसमोर मास्तर नागप्पाची माफी मागतील, असं बघतो."

"शब्द?"

"शब्द."

कमिटी बसप्पाच्या दुकानावरच्या माडीवर बसली. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं. मास्तरनं पोराची माफी मागितली, तर उद्या शाळा चालवायची कोणी? बसप्पा लोडाला टेकून म्हणाले, "माझाच पोरगा सरपंच हाय, तरी सांगतो. हा खेळ हाय तवर ठीक. मास्तरास्नी पोरांम्होरं उभं करायचं म्हंजे लई झालं." करकंबकरांनी कमलाकरांकडे पाहिलं. "मोहोळकर, तुमचं काही म्हणणं?"

कमलाकरांची नोकरी कायम झालेली नव्हती. ती कायम करणारी माणसं समोरच बसली होती. त्यांनी घरून निघताना मनात सगळं बोलणं जुळवून आणलं होतं.

"कमिटी ठरवील तसं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पोरांनी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं, "विचार चालू आहे." त्याच्या पुढच्या दिवशीही तेच सांगितलं. गुरुसिद्धप्पानं मान हलवली आणि तो वर्गात गेला. त्याला घरी जेवताना बापाकडून सगळं आधीच कळलं होतं. "तुमचे मोहोळकर मास्तर? ते गप बसले व्हते," बसप्पा भाकरी मोडत म्हणाले होते. "शहाणा मानूस हाय."

पुढच्या शनिवारी दुपारी शाळा सुटली. आवारात एक जुनं कापसाचं गोदाम होतं. त्यात ड्रिलचं सामान असायचं. ईश्वरप्पा आत लेझमी खुंट्यांना अडकवत होते. मागून दार लागल्याचा आणि अडसर पडल्याचा आवाज आला. वळून बघतात तो पंधरा-वीस पोरं. पुढे पाचही पंच, त्यांच्या मध्ये गुरुसिद्धप्पा, त्याच्या हातात ऑफिसातली छडी. कानात कापूस घातलेल्या नागप्पाला त्यांनी भिंतीशी उभं केलं होतं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"मास्तर," गुरुसिद्धप्पा म्हणाला, "पंचायतीनं बोलावलं व्हतं, चिठ्ठी तुमच्यापत्तुर पोचू दिली न्हाई. मग पंचायतच हितं आली. निकाल झालाय. दहा छड्या. पाठ फिरवा."

ईश्वरप्पांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "हेडमास्तरांचा हुकूम हाय?"

"न्हाई."

"मोहोळकरांचा?"

"त्यांचा बी न्हाई."

ईश्वरप्पांनी हातातली लेझीम खुंटीला अडकवली आणि कमरेचा पट्टा सोडला. पितळी बकलाचा पलटणीतला पट्टा. त्याचं एक टोक त्यांनी मुठीला गुंडाळलं.

"या मग," ते म्हणाले.

पहिला पुढे झाला तो मायाप्पा, पंचांपैकीच एक. बक्कल त्याच्या नाकावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो तोंड धरून खाली बसला, बोटांच्या फटींतून रक्ताची धार लागली. दुसऱ्याच्या कपाळाची कातडी फाटली. तिसऱ्याला ईश्वरप्पांनी मानगुटीला धरून खांबावर आपटलं. मग कोणीतरी लांबून लेझीम फेकली. तिची लोखंडी साखळी त्यांच्या डोक्यावर सपकन बसली, ते लडखडले. त्याच क्षणी एका पोरानं लाकडी डंबेल त्यांच्या गुडघ्याच्या वाटीवर हाणला आणि ते कोसळले. चौघे त्यांच्या हातापायांवर बसले. तोंड जमिनीकडे, गाल जुन्या कापसाच्या धुळीत.

गुरुसिद्धप्पानं छड्या स्वतः मारल्या. मोठ्यानं मोजत मारल्या. सदरा चौथ्या छडीला फाटला, सहाव्या छडीला रक्त आलं. ईश्वरप्पांच्या तोंडून आवाज निघाला नाही. दहावी मारून गुरुसिद्धप्पानं छडी खाली टाकली.

"झालं. निकाल पुरा झाला. सोडा त्यांना."

कोणी सोडलं नाही.

"सोडा म्हनतोय न्हवं. पंचायतीचा हुकूम हाय."

मायाप्पा उठला. त्याचं तोंड आणि सदरा रक्तानं माखला होता. त्यानं मेलेल्या मांजराकडे पाहावं तसं गुरुसिद्धप्पाकडे पाहिलं, डंबेल उचलला आणि ईश्वरप्पांच्या तोंडावर घातला. तो डोळ्याच्या खोबणीवर बसला. आता ईश्वरप्पा ओरडले. तो ओरडा ऐकल्यावर बाकीच्यांनाही धीर आला. ज्यांनी आजवर पट्टा खाल्ला होता, ज्यांनी भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारल्या होत्या, आणि ज्यांना मास्तरांनी कधी बोटही लावलं नव्हतं, ते सगळेच पुढे सरसावले. लाथा, लेझमी, डंबेल, जे हाती लागेल ते.

गुरुसिद्धप्पा एकेकाला ओढत होता. एकाला ओढलं की दोघे पुढे यायचे. शेवटी तो मास्तरांच्या अंगावर पालथा पडला आणि त्यांचं डोकं त्यानं हातांखाली घेतलं. मार थांबला नाही. पाठीवर बसला, बरगड्यांत बसला, उजव्या मनगटावर डंबेल उतरला आणि आतलं काहीतरी काडीसारखं तुटलं. खाली सरपंच आहे हे पोरांना दिसत होतं. तरी ती मारत होती.

कमलाकर शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत होते. गोदामातला आवाज त्यांच्या कानावर मघापासून येत होता. लेझमीचा सराव चालला असेल असं त्यांना वाटलं. मग तो ओरडा आला. ते धावले. शिपायानं पहार आणून दाराची फळी फोडली. आत धूळ, घाम आणि रक्ताचा उग्र वास. "थांबा," कमलाकर ओरडले. पुन्हा ओरडले. त्यांचा हळू आवाज कोणाच्या कानात शिरला नाही.

पायाशी छडी पडली होती. त्यांनी ती उचलली.

आजवर त्यांनी कधी कोणाला मारलं नव्हतं. पहिला फटका त्यांनी कोणाच्या तरी पाठीवर चाचरत मारला. पोरगं किंचाळून बाजूला झालं. दुसरा जोरात मारला. मग हाताला वेग आला. मानेवर, दंडांवर, डोकी झाकणाऱ्या बोटांवर ते मारत सुटले. पोरं फुटक्या दाराकडे पळू लागली, तरी ते मारत होते. भिंतीशी एक लहानसं पोरगं पाठमोरं उभं होतं. "हो बाहेर," ते त्याच्यावर ओरडले. ते हललं नाही. कमलाकरांनी त्याच्या मानेवर छडी ओढली. पुन्हा ओढली. तेव्हा ते वळलं.

नागप्पा होता. त्याच्या डाव्या बाजूनं आलेली हाक त्याला ऐकूच आली नव्हती. कानातला कापूस गळून पडला होता. तो नुसता कमलाकरांच्या हाताकडे बघत राहिला.

कमलाकरांनी छडी टाकली.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा त्यांची बायको शकुंतला अंगणात होती. सदऱ्यावरचं रक्त पाहून तिनं विचारलं, "तुम्हाला लागलं का?"

"नाही," ते म्हणाले. "हे पोरांचं आहे."

त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं, कमिटीच्या माडीपासून नागप्पाच्या मानेपर्यंत. ती ऐकत राहिली आणि सदरा गार पाण्यात भिजत घातला.

ईश्वरप्पांचा उजवा डोळा गेला. फौजदार जबानी घ्यायला दवाखान्यात आला, तेव्हा शुद्धीवर आलेल्या ईश्वरप्पांनी पलटणीतला रिपोर्ट द्यावा तशी ओळीनं नावं सांगितली. एकही गाळलं नाही. शेवटी म्हणाले, "आन् माझं बी लिवा. पैला मार माझा. नागप्पाच्या कानावर. ते आदी लिवा, मग बाकीचं."

फौजदारानं ते लिहिलं की नाही कोणास ठाऊक. कोर्टात त्याचा उल्लेख झाला नाही. कमलाकर साक्षीला उभे राहिले. पोरांना दिलेला शब्द, कमिटीतलं मौन, नंतरचं खोटं, हे सगळं ते न विचारता सांगू लागले. मॅजिस्ट्रेटनं त्यांना थांबवलं. विचारलं तेवढंच सांगा.

गुरुसिद्धप्पा म्हणाला, "हुकूम माझा व्हता." त्यानं दुसरं काही सांगितलं नाही, मास्तरांच्या अंगावर पडल्याचंही नाही. ते ईश्वरप्पांच्या जबानीत होतं, म्हणून तो दोन महिन्यांच्या कैदेवर सुटला. मायाप्पाला आणि आणखी एका मोठ्या पोराला वर्षाची शिक्षा झाली. सोळाच्या आतल्या चौघांना वेताचे फटके, बाकीच्यांना समज देऊन सोडलं.

ते फटके कोर्टाच्या मागच्या अंगणात मारले. तीन दांडक्यांच्या तिकाटीला एकेक पोर बांधायचं, ढुंगणावर ओलं फडकं टाकायचं, आणि पोलीस शिपायानं दोन पावलं मागे जाऊन वेत घुमवत यायचं. पोरांचे बाप भिंतीशी उभे होते. कमलाकरही उभे होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. तिसऱ्या पोरानं फटक्यांमध्येच आईला हाका मारायला सुरुवात केली आणि त्याच्या बापानं तोंड भिंतीकडे फिरवलं. कमलाकरांनी फिरवलं नाही. घरी जाऊन ते रात्रीचे जेवले नाहीत.

पंचायत बंद झाली. कमलाकरांनी राजीनामा दिला तो करकंबकरांनी परत केला. "अर्ध्या सालात इंग्रजीला माणूस कुठून आणू?" ते म्हणाले. "आणि मोहोळकर, तुम्ही छडी उचलली म्हणून तो माणूस वाचला. कमिटीचं तुमच्याविषयीचं मत उलट बरं झालंय." नोकरी कायम झाल्याचं पत्र त्यांना मार्चमध्ये मिळालं.

मे महिन्यात गुरुसिद्धप्पा सुटल्यावर एक दिवस त्यांच्या दारात आला. मनगट वाकडं जोडलं गेलं होतं, बोटं पुरती मिटत नव्हती.

"सर, ईश्वरप्पा मास्तरांकडं जायाचंय," तो म्हणाला. "एकट्याला जमंना झालंय."

दोघे रेल्वेनं अक्कलकोट रोडला उतरले आणि पुढे उन्हातून मास्तरांच्या गावापर्यंत चालत गेले. ईश्वरप्पांच्या बायकोनं, गौरम्मांनी, दार उघडलं. गुरुसिद्धप्पानं कन्नडमध्ये आपलं नाव सांगितलं. त्या दारातच उभ्या राहिल्या. एकदा त्याच्या तोंडाकडे, एकदा मनगटाकडे पाहिलं, आणि शेवटी बाजूला झाल्या. पाणी मात्र त्यांनी दिलं नाही.

ईश्वरप्पा बाजेवर बसले होते. रिकाम्या डोळ्यावर फडकं बांधलेलं होतं. ते खूप बारीक झाले होते.

"हात कसा हाय?" त्यांनी विचारलं.

"लिवता येत न्हाई. डाव्यानं शिकतोय."

"आडवा का पडलास?"

गुरुसिद्धप्पा खाली बसला. "दहा ठरलं व्हतं, मास्तर."

"आन् ते दहा? ते बरोबर व्हते?"

त्यानं वाकडं मनगट मांडीवर ओढून घेतलं. "तवा वाटलं व्हतं," तो म्हणाला.

"मला बी तवा वाटलं व्हतं," ईश्वरप्पा म्हणाले. मग ते कमलाकरांकडे वळले. एका डोळ्यानं बघायचं म्हणून त्यांना सगळी मान फिरवावी लागली. "तुमी बी मारलं म्हनं पोरांस्नी."

"मारलं."

"जोरात?"

"जोरात. नागप्पालाही मारलं. दोनदा."

"कसं वाटलं?"

कमलाकर गुरुसिद्धप्पासमोर हे बोलायला कचरले. पण बोलले. "मारताना बरं वाटलं."

ईश्वरप्पांनी मान हलवली, जणू या उत्तराची त्यांना खात्रीच होती. "मला कधी कुणी इचारलं न्हाय," ते म्हणाले. त्यांनी गौरम्मांना हाक मारून कन्नडमध्ये पाणी आणायला सांगितलं. थोड्या वेळानं त्या तांब्या घेऊन आल्या आणि तो जमिनीवर ठेवून आत निघून गेल्या.

जूनमध्ये शाळा उघडली. नागप्पा इंग्रजी तिसरीत गेला होता. पहिल्याच तासाला त्यानं आपली जागा बदलली. उजवा कान फळ्याकडे येईल असा बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला जाऊन बसला. कमलाकरांनी पुस्तक उघडायच्या आधी वर्गाला सांगितलं की कमिटीपुढे मी गप्प बसलो, तुम्हाला खोटं सांगितलं, आणि पुढचं सगळं त्यातून झालं. वर्ग ऐकत होता. तास संपून पोरं बाहेर पडली, तेव्हा नागप्पा टेबलाशी येऊन उभा राहिला.

"सर, औंदा निवडणूक कवा हाय?"

"पंचायत बंद केली, नागप्पा. कमिटीनं."

"मला उभं ऱ्हायचं व्हतं."

कमलाकरांनी हातातलं पुस्तक मिटलं. "इतकं सगळं होऊन?"

"मग आता चुकलं तर कोण ठरवनार? तुमी?"

"नाही. मी मारणार नाही."

"मारायचं न्हाई इचारत मी," नागप्पा म्हणाला. "कोण ठरवनार, ते इचारतोय."

दाराबाहेर पुढच्या तासाची पोरं जमली होती, आत येण्यासाठी ढकलाढकली करत होती. कमलाकरांनी त्यांना हातानं थांबायची खूण केली, टेबलाला वळसा घालून ते नागप्पाच्या उजव्या बाजूला आले आणि बाकावर बसले.

"बस," ते म्हणाले. "तू सांग, कोणी ठरवावं."